म्हात्रेबाईंचं तळं

म्हात्रेबाई डबा उभ्यानेच खायच्या. आमच्या रोह्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या काही कमी नव्हत्या. पण खिडकीच्या कट्ट्यावर डबा उघडायचा, मैदानाकडे बघत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी संपवायची आणि डबा धुऊन पिशवीत टाकायचा, ही त्यांची रीत. "बसून खाल्लं की अंगाला वाटतं, आता सुट्टी झाली," असं त्या म्हणायच्या.

त्या खेळाच्या शिक्षिका होत्या, मी मराठीची. मी पेणला एसटीत बसायची, त्या वडखळला चढायच्या. त्यांचं गाव वडखळपासून आत, खाडीच्या अंगाला. गावाच्या एका बाजूला खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, बांधाच्या आत भातशेती, आणि घरांना लागून गोड्या पाण्याचं एक तळं. बाई लग्न न करता भावाच्या घरीच राहिल्या होत्या. घराच्या मागच्या दाराची पायरी उतरली की तळ्याचा घाट.

बाईंची उंची बेताची, पण चालणं असं की पाठीमागून बघणाऱ्याला त्या उंच वाटायच्या. दुसऱ्याचं चालणंही त्यांना बघवत नसे. पोक काढून चालणाऱ्या मुलांना त्या थांबवायच्या, आणि एकदा मुख्याध्यापकांनाही त्यांनी मैदानावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सर, खांदे मागे. पोरं बघतायत." मुख्याध्यापकांनी खांदे मागे घेतले होते.

त्या तळ्यात बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांच्या मुलींना पोहायला शिकवलं. मुलग्यांना कुणी शिकवावं लागत नाही, ते ढकलले जातात आणि शिकतात. मुलींचं तसं नसतं, म्हणून त्या फक्त मुलींना शिकवायच्या. सुट्टीत सकाळी घाटावर पंधरा-वीस जणी जुने पंजाबी ड्रेस घालून उभ्या असत. बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून एकेकीला पाठीवर झोपवायच्या आणि हळूच हात काढून घ्यायच्या. "पाण्याशी भांडू नको गो. त्याच्या अंगावर पडून राहा, ते धरतं." एवढंच त्यांचं शिकवणं. मी पेण शहरात वाढलेली, पाण्याला भिणारी. चाळिशी उलटल्यावर मलाही त्यांनी त्याच तळ्यात असं झोपवलं होतं. कान पाण्याखाली गेल्यावर जी शांतता झाली, आणि वर फक्त आभाळ उरलं, ते मला अजून आठवतं. तेव्हा तळ्याचं पाणी इतकं स्वच्छ होतं की घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर फिरणारे मासे दिसायचे. जिताडे होते त्यात. गावात कुणाकडे मोठा पाहुणा आला की तळ्यात जाळं पडायचं आणि जिताड्याचं कालवण व्हायचं.

जलपर्णी आली त्या वर्षीचं मला नीट आठवतं, कारण बाई ती शाळेत घेऊन आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक झाड. फुगीर, हवा भरल्यासारखे देठ, चकचकीत हिरवी पानं, खाली झुबक्यासारखी काळी मुळं, आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. तुऱ्यातल्या प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसावर असतो तसा पिवळा ठिपका. आम्ही सगळ्याजणी हरखून गेलो. ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "मला द्या ना एक, आमच्या गच्चीवरच्या टाकीत लावते."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवी उचलून मैदानाच्या कडेला गेल्या, झाड उन्हात काँक्रीटवर टाकलं आणि बुटाने चिरडलं. परत येऊन म्हणाल्या, "राग मानू नका. गेल्या महिन्यात आमच्या तळ्यात अशी चार होती. आज घाटावरून पाणी दिसत नाय."

आम्हाला तेव्हा ते अतिशयोक्तीचं वाटलं. पावसाळ्यानंतर मी त्यांच्या गावी गेले तेव्हा खरंच पाणी दिसत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, आणि त्यावर फुलंच फुलं. बाईंनी एक झाड वर ओढून दाखवलं. त्याच्या बुंध्यातून आडवी दोरी निघालेली, तिच्या टोकाला पिल्लू, त्या पिल्लाच्या दोरीला आणखी एक. ओढावं तितकं येतच होतं. आणि खाली पाणी काळं, वास येणारं. उजेड आत जात नव्हता, वारा लागत नव्हता. सकाळच्या वेळी जिताडे तोंड वर काढून, पानांमधून फट शोधत यायचे आणि तसेच मरायचे. डासांनी संध्याकाळी अंगणात बसवत नव्हतं.

बाईंनी दर रविवारी ती उपसायला सुरुवात केली. पहिल्या काही रविवारी अर्धा गाव होता. मग बायकाच आल्या. मग बाई, त्यांचा भाऊ जनूदादा आणि मंदावहिनी, म्हणजे जनूदादाची बायको, एवढेच उरले. काढलेले ढीग तळ्याच्या काठावर टाकायचे. पाऊस आला की ढिगातली अर्धी झाडं पुन्हा जीव धरून घसरत तळ्यात उतरायची. तालुक्याहून एकदा एक यंत्र आलं. त्याने एक कोपरा साफ केला, त्या कोपऱ्याचे फोटो निघाले, आणि यंत्र गेलं. महिन्याभरात तो कोपराही भरला. सोमवारी बाई एसटीत चढायच्या तेव्हा त्यांच्या नखांत काळा चिखल असायचा आणि कोपरापर्यंत हातांना खाज. मी विचारायची, "किती काढली?" त्या म्हणायच्या, "पुष्कळ." मी विचारायची, "किती उरली?" त्या खिडकीबाहेर बघायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात शाळेने त्यांना साडी दिली, चांगली पैठणीच्या काठाची. साडी कुणी निवडली कोण जाणे, रंग नेमका जांभळा. बाईंनी व्यासपीठावर ती हातात घेतली, कागद उघडून पाहिली आणि ज्यांनी दिली त्यांच्याच हातात परत ठेवली. "दुसरी कुठली पण द्या. नाय दिली तरी चालेल." लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. बाई हसल्या नव्हत्या.

म्हशीचं झालं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मी त्या दिवशी तिथेच होते, बाईंकडे जेवायला गेले होते. शेजारच्या रमणची म्हैस दावं तोडून सुटली आणि तळ्याकडे गेली. तळं आता लांबून कुरणासारखंच दिसायचं. हिरवं बघून ती सरळ आत शिरली. चार पावलं टाकली आणि खाली जमीन नाही हे तिला कळलं तेव्हा ती पोटापर्यंत आत होती. म्हैस पाण्याला भीत नाही, ती पोहते. पण इथे पोहायला पाणीच नव्हतं. ती पाय मारायची आणि मुळांच्या जाळ्यात आणखी गुंतायची.

बाई साडी खोचून उतरल्या. जनूदादा ओरडला, "ताई, नको जाऊ." पण त्या गेल्या होत्या. पोहत नव्हे, पानं बाजूला फाडत. म्हशीजवळ पोचून त्यांनी तिचं शिंग धरलं आणि तोंड वर ठेवायचा प्रयत्न करत राहिल्या. काठावर गर्दी झाली. कुणी दोर आणला, कुणी होडी आणायला धावलं, पण होडी त्या गर्द पाल्यातून पुढे सरकत नव्हती. म्हैस दमत गेली. तिचा आवाज आधी मोठा होता, मग नुसता श्वास. शेवटी बाई स्वतःच खाली जायला लागल्या तेव्हा रमणने त्यांच्या अंगावर दोर टाकला आणि तो स्वतःच म्हणाला, "बाई, सोडा तिला. सोडा." बाईंनी शिंग सोडलं.

त्यांना वर ओढलं तेव्हा पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत मुळं गुंडाळलेली होती. वहिनी ती कापत होती. बाई त्या कापलेल्या मुळांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हात मारत होते, पण हाताला पाणी लागतच नव्हतं गो." आयुष्यभर त्या तळ्यात पोहलेल्या बाईने हे म्हणावं, हे मला ऐकवेना.

मुलींना पोहायला शिकवणं त्यानंतर बंद झालं. तसं ते आधीच बंद पडलं होतं, पण बाई म्हणायच्या, पुढच्या सुट्टीत एक कोपरा साफ करून शिकवू. आता त्यांनी ते म्हणणं सोडलं.

खाऱ्या पाण्याची कल्पना त्यांचीच. जलपर्णी खाडीत जगत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पावसाळ्यात तळं वाहायला लागलं की झाडं ओढ्यावाटे खाडीत जायची आणि आठवड्याभरात करपून काळी व्हायची. बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी दार, पावसाचं पाणी खाडीत सोडायला ते उघडायचं आणि भरतीच्या वेळी लावून घ्यायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. बाईंचं म्हणणं, ऐन उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना, उधाणाच्या भरतीला उघाडी उघडी ठेवायची. खारं पाणी चरीने तळ्यात घ्यायचं. जलपर्णी मेली की पाणी परत सोडायचं. पुढचे दोन पावसाळे तळं धुऊन काढतील.

ग्रामसभेत त्यावर खूप बोलणं झालं. कुणीतरी आधी तोच जुना प्रश्न काढला, ही पीडा गावात आणली कुणी. नावं घ्यायला सुरुवात झाली तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "पुराच्या पाण्यातून आली. कुणी आणली नाय. पुढचं बोला." उघाडी सांभाळणारे पांडूआबा म्हातारे होते, सगळ्यांच्या शेवटी बोलले.

"बाय, तळ्याच्या काठाला विहीर हाय. तिच्यात खारं उतरलं तर?"

"नळाचं पाणी येतं ना आबा."

"येतं, एक दिवसाआड. कधी तेही नाय." आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे पाणी गोडं कराला आमच्या बापाआज्यांच्या हयाती गेल्या. खारं कराला एक भरती पुरंल."

बाई म्हणाल्या, "आबा, आता ते गोडं हाय का? तुम्ही पिता? गुरं पितात?"

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. हात वर झाले. बाईंच्या बाजूने जास्त होते.

अमावास्येच्या दुपारी भरती आली तेव्हा मीही बांधावर उभी होते. आबांनीच दार वर ओढलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते त्यांना नको होतं. पाणी आधी चरीत फुसफुसलं, मग वेगाने तळ्याकडे निघालं, फेस घेऊन. हिरवा थर हलला, उचलला गेला. बाई घाटावर उतरल्या आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेऊन जिभेला लावलं. वळून आम्हाला म्हणाल्या, "खारट." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी आधी पाहिला नव्हता, पुढेही नाही.

आठवड्याभरात पानं तपकिरी झाली. मग अख्खं तळं सडलं. तो वास वडखळच्या नाक्यापर्यंत जायचा असं लोक म्हणायचे. पण त्या वेळी पुन्हा अर्धा गाव उतरला, कारण आता काढलं की ते पुन्हा येणार नव्हतं. मेच्या अखेरीला तळ्यात पाणी दिसलं. गढूळ, खारं, रिकामं, पण पाणी. बाई सकाळ-संध्याकाळ घाटावर नुसत्या बसून राहायच्या.

विहीर खारी झाली. आबा म्हणाले होते तसंच. चहा फाटायला लागला, डाळ शिजेना. नळ एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या राहायच्या आणि बाई तिथून गेल्या की गप्प व्हायच्या. ज्यांना बाईंनी पोहायला शिकवलं होतं त्याच त्या बायका, आता पोरंबाळं असलेल्या. बाईंना ते समजत होतं. त्यांनी स्वतःचा हंडा कधी रांगेत पुढे लावला नाही. "दोन पावसाळे," त्या म्हणायच्या. "दोन पावसाळे जाऊ द्या."

दोन पावसाळे गेले. बाईंचा हिशेब पाण्याच्या बाबतीत खरा ठरला. विहीर पूर्ण नाही, पण बरीच निवळली. तळं गोडं झालं. जनूदादाने जिताड्याची पिल्लं आणून सोडली. बाईंनी मला फोन केला, "ये. यंदा सुट्टीत मुली उतरवणार हाय."

मी गेले तेव्हा बाई घाटावर होत्या. मला बघून उठल्या नाहीत. पायाशी, उथळ पाण्यात, चिखलातून बारीक पानं वर आली होती. भाताच्या रोपासारखी, निरागस दिसणारी. एका ठिकाणी नाही, सगळ्या काठाने.

"ही तीच?" मी विचारलं.

"तीच. झाडं मेली, बिया खाली चिखलात होत्या. त्यांना खारं लागलं नाय." त्यांनी एक रोप उपटून तळहातावर ठेवलं. "गोडं पाणी व्हायची वाट बघत होत्या. माझ्यासारख्याच."

मी म्हटलं, आता लहान आहेत, लगेच काढू. आम्ही दोघी वाकून उपटायला लागलो. थोड्या वेळाने बाई थांबल्या, हात धुतले आणि घरात गेल्या. मी एकटीच थोडं उपटलं आणि मग मीही थांबले.

स्वयंपाकघरात मंदावहिनीने माझ्यासाठी चहा टाकला होता. बाई पुढच्या खोलीत पडल्या होत्या. वहिनी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तशीच बोलायला लागली.

"मी आणली होती ती."

मला आधी कळलंच नाही.

"माहेराहून. नागोठण्याच्या पलीकडं आमच्या तिथं होती. फूल बरं वाटलं म्हणून बादलीत घालून आणली. तळ्यात सोडली घाटाजवळ. गणपतीला वाहायला फुलं होतील म्हणून." चहा उतू गेला, तिने गॅस बंद केला नाही, मी केला. "बाईंनी बघितलं होतं मला सोडताना. तेव्हा म्हणाल्या, छान हाय गो. नंतर गावात एवढं झालं, सभेत नावं निघाली, पण बाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाय. कधीच नाय. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "मंदा, चहात साखर कमी घाल. हिला चालत नाय." इतकी वर्षं दोघी एका घरात, एका चुलीवरचं जेवत होत्या, आणि रविवारी एकाच काठावर बसून ती झाडं उपटत होत्या.

त्यानंतर बाईंनी तळ्यात हात घातला नाही. गावातल्या पोरांनी एकदा-दोनदा उपसली, मग सोडून दिली. पावसाळ्यानंतर ती पूर्वीसारखी पसरली. सोडलेले जिताडे गेले. पुन्हा खारं पाणी घ्यायचं कुणी नाव काढलं नाही, आणि आबाही राहिले नव्हते.

म्हात्रेबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. ताप आला, पेणच्या दवाखान्यात नेलं, तिथून पनवेलला, आणि तिथेच संपलं. त्यांना मी शेवटची भेटले ती त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. दुपार होती. तळं ऐन बहरात होतं. काठावर एक गाडी उभी होती आणि एक मुलगा-मुलगी फोटो काढून घेत होते, लग्नाआधीचे. असे बरेच लोक हल्ली यायचे म्हणे. मोबाईलवर कुणीतरी तळ्याचा फोटो टाकला होता. मुलीने पिवळी साडी नेसली होती. एक माणूस चांदीच्या रंगाचं गोल फडकं धरून तिच्या तोंडावर ऊन पाडत होता. बाई आणि मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो होतो.

फोटोग्राफर अदबीने म्हणाला, "आजी, जरा बाजूला बसता का? फोटोत येताय."

बाई उठल्या. मुलगी त्यांच्याकडे बघून हसली. "किती सुंदर आहेत हो फुलं. तुम्ही लावलीत?"

"नाय. आपसूक येतात," बाई म्हणाल्या. "कडेला उभी राहू नको बाळा. हिरवं दिसतंय तिथं खाली जमीन नाय."

मुलगी एक पाऊल मागे आली. फोटोग्राफरने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि हाताने खूण केली, अजून थोडं. आम्ही मागे सरकलो. त्याने पुन्हा खूण केली. आम्ही रस्त्यावर आलो. तिथून तळं दिसत नव्हतं, फक्त त्या मुलीची पिवळी साडी आणि तिच्यामागे थोडं जांभळं.

वडखळला जाणारी रिक्षा आली. मी बसले आणि म्हटलं, "बाई, घरी जा आता, ऊन आहे." त्यांनी मान हलवली, पण त्या गेल्या नाहीत. रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. स्वतःच्या घाटावर परत जाता यावं म्हणून म्हात्रेबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, त्या दोघांचे फोटो संपायची वाट बघत.